मुक्या जनावराचा निरोप : निर्णय कोणाचा?

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील दोन डोंगरी तालुके. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. परंतु नाव कोणतेही असले तरी तेथील मुसळधार पाऊस, उतारावरची भातखाचरे आणि दूर दूर विखुरलेल्या वाड्या त्याच आहेत. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी या धरणांच्या जलाशयांनी कित्येक गावांचे रस्ते लांबवले आहेत. जुन्या पद्धतीच्या घरांत माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहतात. मध्ये एखादी भिंत किंवा कूड असतो, इतकेच. अशा घरात एखादा बैल वा गाय आजाराने खाली बसली की तिचे कण्हणे घरातील प्रत्येकाला रात्रभर ऐकू येते. आणि मग उपचार थकल्यावर, ते जनावर उठणार नाही हे दिसू लागल्यावर, घरात एक प्रश्न उभा राहतो. त्याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. याचे हाल आणखी किती दिवस चालू द्यावयाचे?

हा प्रश्न केवळ भावनेचा आहे असे मानण्याची रीत आहे. शहरातील सुखवस्तू कुटुंबात म्हातारे कुत्रे आजारी पडले की त्याची चर्चा होते. खेड्यातील गोठ्यात तसे काही असते याची जाणीव पुष्कळांना नसते. वस्तुतः ज्या घराने एखाद्या बैलाबरोबर दहाबारा वर्षे चिखलणी केली, बेंदराला वा पोळ्याला त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळले आणि सणाचा पहिला घास त्याला दिला, त्या घराची माया शहरी घरापेक्षा कमी मानण्याचे काहीच कारण नाही. फरक आहे तो साधनांचा. डॉक्टर जवळ नाही, हाती पैसा नाही, कायदा नीट ठाऊक नाही आणि शेजारीपाजारी काय म्हणतील याची भीती मात्र आहे. या चारही गोष्टींचा भार अखेर ज्याच्यावर पडतो, ते जनावर मुके आहे.

बाजार जे ठरवीत असे

एक काळ असा होता की हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात सुटत नसे. तो विकला जात असे. बैल थकला, पायाने अधू झाला, की हेडी येई किंवा मालक त्याला बाजारात नेई. चार पैसे हाती पडत आणि त्यात भर घालून नवा गोऱ्हा दावणीला येई. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला मोडीची किंमत म्हणता येईल. यंत्राप्रमाणे जनावरालाही ती होती, आणि गरीब शेतकऱ्याच्या हिशेबात तिला फार महत्त्व होते. परंतु या व्यवहारात जनावराबरोबर आणखीही एक गोष्ट विकली जात असे, ती म्हणजे त्याच्या शेवटाचा निर्णय. पुढे त्याचे काय झाले हे मालकाला पाहावे लागत नसे, आणि बहुधा तो विचारीतही नसे. लांबचा प्रवास, उपासमार, ट्रकमधली दाटी आणि शेवटी कत्तलखाना, हे सारे नजरेआड घडत असे. तेव्हा जुनी व्यवस्था दयाळू होती असे म्हणता येणार नाही. तिने मालकाला जाणिवेच्या ओझ्यातून मोकळे केले होते, एवढेच.

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ साली झाला. त्याने गायीच्या हत्येवर बंदी घातली. बैल आणि वळू यांच्याबाबत मात्र, जनावर ओढकामाला वा पैदाशीला किफायतशीर राहिलेले नाही असा दाखला मिळाल्यास कत्तलीस मुभा होती. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकाला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीच्या कक्षेत आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरवली. म्हशींना ती त्याच स्वरूपात लागू नाही. पण भोर-वेल्ह्याच्या भातशेतीतील बैलाच्या बाबतीत बाजाराचा जुना दरवाजा निदान कायद्याने बंद झाला. त्याच सुमारास यंत्रांनीही बैलाची जागा घेतली. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील नर गोवंश सुमारे ४.७४ कोटी उरला. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ३० टक्के होती. महाराष्ट्रातील एकूण गोवंशही याच काळात सुमारे १.५५ कोटींवरून १.४ कोटींवर आला.

ही बंदी योग्य की अयोग्य, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, जो निर्णय पूर्वी बाजाराच्या स्वाधीन केला जाई तो आता गोठ्यात परत आला आहे, आणि तो कसा घ्यावा याची तयारी मात्र ना घराची आहे, ना गावाची, ना शासनाची.

उपयोग आणि वेदना

या विषयावरील आपली सार्वजनिक चर्चा एका विशिष्ट शब्दाभोवती फिरत आली आहे. तो शब्द म्हणजे उपयुक्तता. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने हनीफ कुरेशी खटल्यात, निरुपयोगी झालेल्या बैलांच्या कत्तलीवरील सरसकट बंदी रास्त नाही असे मत दिले. २००५ मध्ये गुजरातच्या कायद्यासंबंधीच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ती भूमिका बदलली. म्हातारा बैलही शेण व मूत्र यांच्या रूपाने उपयोगी असतो, असा युक्तिवाद ग्राह्य धरला. दोन्ही निर्णयांचा निष्कर्ष परस्परविरुद्ध असला तरी वादाचा मुख्य धागा एकच दिसतो. जनावराचा माणसाला काही उपयोग आहे की नाही?

गोठ्यात खाली बसलेल्या जनावरासमोर मात्र हा प्रश्न गैरलागू ठरतो. निरोगी म्हातारा बैल काम करीत नाही म्हणून त्याला मरण द्यावे, हे कोणाही सहृदय माणसाला पटणार नाही. म्हातारपण हा रोग नव्हे. तो चरतो, रवंथ करतो, उन्हात बसतो, हाक ओळखतो. त्याचे त्याला पुरेसे आहे. उलट, ऐन उमेदीतील दुभती गाय असाध्य दुखण्याने तडफडत असेल, तर तिच्या दुधाची किंमत तिच्या वेदना लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. विचार करावयाचा तो जनावराच्या वाट्याला आलेल्या वेदनांचा, आणि त्या आणखी कमी करता येण्याजोग्या आहेत की नाहीत याचा.

साबरमतीचे वासरू

ज्या समाजात हा विषय काढणेच पाप मानले जाते, त्याने १९२८ सालची एक घटना आठवावी. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू गंभीर दुखापतीने पडून होते. शक्य ते सारे उपचार व शुश्रूषा झाली. जाणकारांनी आशा सोडली. कूस बदलतानाही त्याला असह्य यातना होत. महात्मा गांधींनी आश्रमातील मंडळींशी विचारविनिमय केला. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी हरकतही तेथे घेतली गेली. अखेर गांधीजींच्या उपस्थितीत एका डॉक्टरने विषाचे इंजेक्शन देऊन त्या वासराची सुटका केली. गांधीजींनी ही गोष्ट लपवली नाही. ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या आपल्या पत्रांतून ती स्वतःच जाहीर केली, आणि पुढे कित्येक दिवस संतप्त टीकेला उत्तरे दिली.

या प्रसंगातून ‘गांधीजींनीही केले’ एवढाच आधार घेणे चुकीचे होईल. महत्त्वाच्या आहेत त्या त्यांनी मानलेल्या मर्यादा. रोग असाध्य असला पाहिजे. संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असली पाहिजे. सेवेने वा मदतीने काही साधण्याजोगे उरलेले नसावे. आणि त्या जीवाला आपली इच्छा सांगणे अशक्य असावे. शिवाय त्यात मारणाऱ्याचा स्वार्थ नसावा. या कसोट्या कठोर आहेत. बारकाईने पाहिले तर त्यांतील तिसरी सर्वांत कठोर आहे; कारण सेवा करून पाहिल्याशिवाय सेवा निष्फळ ठरली असे कोणालाच म्हणता येत नाही.

खाली बसलेले जनावर

म्हणूनच पहिले पाऊल मरणाच्या विचाराचे नसून निदानाचे असले पाहिजे. गाय विल्यानंतर एकदोन दिवसांत खाली बसली, अंग गार पडले, मान एका कुशीला वळली, तर अनुभव नसलेल्याला ती शेवटच्या घटका मोजीत आहे असे वाटेल. परंतु हा दुग्धज्वर असू शकतो. रक्तातील कॅल्शियम घटल्याने तो होतो आणि वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले तर तीच गाय काही तासांत उठून उभी राहते. बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्याकडे जुना आहे. आरंभीच शिंग काढून टाकले तर बैल वाचतो, उशीर झाला तर रोग आत पसरतो. याउलट, पिसाळलेल्या जनावराला लक्षणे दिसू लागल्यावर उपचार नाही, आणि त्याची लाळ माणसालाही घातक ठरते. कड्यावरून घसरून पाठीचा कणा मोडलेले जनावर पुन्हा चालण्याची आशा जवळजवळ नसते. एकाच प्रकारे निपचित पडलेल्या दोन जनावरांपैकी एकाला औषध हवे असते आणि दुसऱ्याला सुटका. हा फरक मालकाच्या मायेला किंवा शेजाऱ्याच्या अनुभवाला नेहमीच कळेल असे नाही. तो पशुवैद्याने सांगावयाचा असतो.

येथे भूगोल आडवा येतो. नीरा नदीच्या पलीकडे, खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचे आयुक्तालयही पुण्यातच आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कागदावर पाहता भोर-वेल्हे दुर्लक्षित म्हणता येणार नाहीत. परंतु चार-पाचशे किलो वजनाचे, उठू न शकणारे जनावर आषाढातल्या पावसात धनगरवाड्यावरून शिरवळला नेता येत नाही. डॉक्टरनेच तेथवर चढून जावे लागते. आणि हे नेमके लावणीच्या घाईत घडते, जेव्हा घरातील प्रत्येक हात खाचरात गुंतलेला असतो.

पडलेल्या जनावराची शुश्रूषा हे लहानसहान काम नव्हे. दर काही तासांनी त्याची कूस बदलावी लागते, त्यासाठी तीनचार माणसे लागतात. खाली कोरडा पेंढा सतत घालावा लागतो, नाहीतर हाडांच्या उंचवट्यांवर जखमा होतात आणि त्यांत किडे पडतात. पाणी तोंडाशी न्यावे लागते. यातील बरेचसे काम बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येते. आणि निर्णयाची वेळ आली की तिला मात्र कोणी विचारीत नाही. जनावराचा आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा होता की वाईट, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

दोन वेगळी खाती

मग ‘वेळ झाली’ हे ओळखावे कसे? अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी एक साधी मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यास अर्थ आहे असे समजावयाचे. ही पट्टी कुत्र्या-मांजरांसाठी आहे आणि ती वेदशास्त्र मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील शेवटची बाब गोठ्यालाही लागू पडते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जनावराने खाल्ले, पाणी प्याले, रवंथ केला अशा दिवसावर एक खूण करावी आणि नुसत्या यातनांच्या दिवसावर दुसरी. शाळेत जाणारे मूलही हे काम करू शकेल. दोन आठवड्यांनी ते पान पाहिले म्हणजे मनाला हवे ते आठवण्याची सोय राहत नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशेबाची दोन खाती वेगळी ठेवणे. एक खाते जनावराच्या यातनांचे, दुसरे घराच्या खर्चाचे. दोन्ही खरी आहेत. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने खर्चाचा विचार केला म्हणून त्याला निर्दय ठरवणे हा अन्याय होय. परंतु एका खात्यातील रक्कम दुसऱ्यात लिहिली की फसवणूक सुरू होते. ‘त्याला आता त्रास नको’ असे म्हणताना मनात ‘आपल्याला आता परवडत नाही’ असे असेल, तर उपचाराने वाचणारे जनावर गमावले जाते. याच्या उलटही घडते. ‘पापात पडावयाचे नाही’ असे म्हणताना खरे कारण लोकनिंदेची भीती असते, आणि जनावर आठवडेच्या आठवडे कुजत मरते. ‘आपण काही केले नाही, ते आपसूक गेले’ हे समाधान तेव्हा खोटे असते. पाणी कमी करणे, औषध थांबवणे, रानात नेऊन सोडणे यांतील प्रत्येक गोष्ट हा निर्णयच आहे. तो उघडपणे न घेतल्याने त्याची किंमत जनावर भरते.

उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने हेही मान्य केले आहे की, कधी कधी जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता असते. मालक गैरहजर असेल वा संमती देत नसेल, तर पोलिस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला पाचारण करू शकतो. आणि त्याने तसा दाखला दिल्यास दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने त्या जीवाची सुटका करता येते. भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या नियमांतही, असाध्य आजारी वा मरणोन्मुख जखमी कुत्र्याला पात्र पशुवैद्याकरवी वेदनारहित मरण देण्याची तरतूद आहे. मालकीच्या कुत्र्याबाबत पशुवैद्याच्या सल्ल्याने हा मार्ग घेता येतो. आधी गुंगीचे औषध, नंतर शिरेतून भुलीच्या औषधाची अधिक मात्रा. शुद्ध काही क्षणांत हरपते आणि मग श्वास व हृदय थांबते. वाघरू, रानडुक्कर यांच्यापासून गुरे राखत म्हातारे झालेल्या धनगरवाड्यावरच्या कुत्र्याला दगडाने वा तारेच्या फासाने संपवण्याचे त्यामुळे काहीही समर्थन उरत नाही.

गोवंशाची गोष्ट अधिक नाजूक आहे. एका बाजूला राज्याचा हत्याबंदीचा कायदा आणि दुसऱ्या बाजूला केंद्राचा क्रूरताप्रतिबंधाचा, अशा कात्रीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. मालकाने तर अधिकाऱ्याच्या लेखी मतावाचून काहीही करू नये. दयेपोटी केलेले कृत्यही गुन्हा ठरू शकेल अशी शंका जोवर आहे, तोवर जनावराचे हालच लांबणार.

वेदना कमी करण्याचा प्रयत्न मात्र कोणत्याच कायद्याने अडवलेला नाही, आणि सुटकेचा मार्ग बंद असेल तेथे तोच खरा धर्म होय. अर्थात त्यालाही विवेक हवा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना सर्रास टोचले जाई. अशा मेलेल्या गुरांचे मांस खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असा पर्याय उपलब्ध आहे. सुटकेसाठी औषध दिलेले जनावर तर उघड्यावर टाकणे सर्वस्वी अयोग्य. ते पाणवठ्यापासून दूर, खोल पुरले पाहिजे.

शासनाने काय करावे?

शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. पण तिचा रोख अपुरा आहे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा राज्य सरकारने मृत गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली. ती आवश्यकच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायींना ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा देण्यात आला आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. पहिली मदत मृत्यूनंतरची, दुसरी संस्थेला मिळणारी. आपल्याच गोठ्यात, आपल्याच हातांनी म्हाताऱ्या वा आजारी जनावराची सेवा करणारे कुटुंब या दोहोंच्या मध्ये राहून जाते. ज्या समाजाने बैलाची मोडीची किंमत कायद्याने काढून घेतली, त्याने त्याच्या म्हातारपणाच्या खर्चाचा काही वाटा उचलणे हे उपकाराचे नसून हिशेबाचे काम आहे.

त्यासाठी मोठ्या योजना नकोत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दुर्गम वाड्यांसाठी पशुवैद्याच्या ठरावीक फेऱ्या; पडलेल्या जनावराच्या घरी शुश्रूषेसाठी पेंढा व औषध यांची मदत; जनावर उचलण्यासाठी गावात एखादी कप्पी व झोळी; आणि असाध्य यातनांच्या बाबतीत अधिकाऱ्याने काय करावे हे निःसंदिग्ध शब्दांत सांगणारे एक शासकीय परिपत्रक. यांपैकी शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही. शिरवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना नदीअलीकडच्या या वाड्या अनुभवासाठी नेमून देता आल्या, तर त्यांचेही शिक्षण होईल.

तथापि परिपत्रके निघाली तरी अखेरचा प्रश्न घराचाच राहणार. खोंडाला वेसण केव्हा घालावयाची, नांगराला केव्हा जुंपावयाचे, गाय कोणाला विकावयाची, वासराला दूध किती सोडावयाचे, हे सारे माणूस ठरवतो, आणि त्यात त्याला कधी संकोच वाटत नाही. जनावराच्या जन्मभराचे निर्णय घेणाऱ्याला शेवटच्या निर्णयापुरते नशिबाकडे बोट दाखवता येणार नाही. पशुवैद्याला बोलवावे, शक्य ती सेवा करावी, सेवा करणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकावे, आणि मग आशा उरली नसेल तर कायद्याच्या मर्यादेत त्याच्या यातना थांबवाव्यात. हे करताना दुःख होणारच, पण ते मालकाने सोसावयाचे आहे, जनावराने नव्हे.